मागाभोवतीची माणसे

नागपूरच्या गांधीबागेत सकाळच्या प्रहरी जाणाऱ्यास कापड हे नेसावयाचे वस्त्र म्हणून दिसत नाही. गाठीगाठींनी उतरणारा, मोजला जाणारा आणि पुन्हा बांधला जाणारा माल म्हणून ते दिसते. हमाल पाठीवर गाठी वाहत असतात, गादीवर बसलेला व्यापारी दोन बोटांत पोत चाचपून भाव सांगतो, आणि बाहेरगावचा दुकानदार तोच भाव थोडा खाली ओढण्याच्या खटपटीत असतो. त्या व्यवहारात कापडाचा पन्हा विचारला जातो, रंग टिकेल की नाही हे विचारले जाते, माल कोणत्या गावचा हेही विचारले जाते. एक गोष्ट मात्र कोणी विचारीत नाही. ते कापड विणताना किती माणसे कोणत्या रीतीने एकत्र आली होती, कोणी कोणास काम वाटून दिले, आणि ज्याच्या हातून ते विणले गेले त्यास आपण काय विणीत आहो याची पुरती कल्पना होती की नाही, हा प्रश्न बाजारात उत्पन्नच होत नाही.

हा प्रश्न निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. नागपूरचा गेल्या दीडशे वर्षांचा औद्योगिक इतिहास पुष्कळ अंशी याच प्रश्नाभोवती फिरला आहे, असे आम्हांस वाटते. गांधीबागेच्या एका अंगास गोळीबार चौक, तांडापेठ या बाजूची कोष्ट्यांची जुनी वस्ती. दुसऱ्या अंगास, गांधीसागर म्हणजे जुना जुम्मा तलाव, आणि त्याच्या जवळच एम्प्रेस मिलची जागा. एकाच शहरात, एकाच प्रदेशाच्या कापसापासून, दोन सर्वस्वी भिन्न रीतींनी कापड निघत होते. हा भेद यंत्राचा, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु यंत्र ही एक गोष्ट आणि यंत्राभोवती केलेली माणसांची मांडणी ही दुसरी गोष्ट. पहिली ठरली म्हणजे दुसरी आपोआप ठरते, हा समज जितका सार्वत्रिक आहे तितकाच चुकीचा आहे. समाजशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात ही चूक परिश्रमपूर्वक दाखवून दिली, आणि तिचा एक उत्तम पुरावा त्यांस आपल्याच देशातील मागांवर मिळाला. ते संशोधन काय होते आणि नागपूरकरांस त्यापासून काय घ्यावयाचे आहे, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम हातमागाकडे पाहू. कोष्ट्याच्या घरात माग हा निराळ्या कारखान्यात नसे. राहत्या घराचाच तो एक भाग असे. जमिनीत खड्डा खणून त्यात पाय सोडून विणणारा बसे. पायांनी पावड्या दाबाव्या, एका हाताने धोटा फेकावा, दुसऱ्याने झेलावा आणि फणीने बाणा ठोकून बसवावा, असा हा क्रम. परंतु धोटा फेकण्यापूर्वी जे काम व्हावयाचे ते याहून कमी नव्हते. सूत उकलणे, रहाटावर कांड्या भरणे, ताणा करणे, त्यास खळ देणे, जुन्या ताण्याच्या टोकांस नव्याची टोके एकेक करून सांधणे, ही सर्व कामे घरातील बायका, मुले व वृद्ध मंडळी वाटून घेत. खळ देण्याच्या कामास गल्लीची लांबी आणि शेजाऱ्यांचे हात लागत. आज एकाचा ताणा, उद्या दुसऱ्याचा, असा तो परस्परांच्या साहाय्याचा व्यवहार असे. या मांडणीत कोणाही एकाचे काम दुसऱ्याच्या दृष्टीआड नव्हते. कांडी सैल भरली तर तिचा परिणाम काही हातांवर बसलेल्या विणकराच्या धोट्यात तत्काळ दिसे आणि त्याचा बोल घरातल्या घरात ऐकावा लागे. लुगड्याचा काठ कसा उठला हे घरातील लहान मुलासही ठाऊक असे.

म्हणून ही व्यवस्था सुखाची होती असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्याकडे जुन्या गृहोद्योगाचे वर्णन करताना लेखणी सैल सुटते, आणि त्या घरातील कर्ज दिसेनासे होते. सूत उधारीने आणावयाचे, लुगडे त्याच दुकानी नेऊन घालावयाचे आणि दोहोंचा भाव दुकानदाराने ठरवावयाचा, या फेऱ्यात पुष्कळ विणकर अडकलेले होते. बायकांच्या कष्टांचा वेगळा मोबदला कोठेच लिहिला जात नसे. तो पुरुषाच्या मजुरीत बुडालेला असे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत गावोगावचे गिऱ्हाईक नाहीसे झाले, तेव्हा शेतकऱ्याइतकाच विणकरही उघडा पडला. घरातील काम स्वाधीन होते, परंतु घराबाहेरचा बाजार स्वाधीन नव्हता, असे या व्यवस्थेचे थोडक्यात वर्णन करता येईल.

या स्थितीची शास्त्रीय मीमांसा ज्यांनी प्रथम हाती घेतली त्यांत डॉ. धनंजयराव गाडगीळ यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १९०१ साली नाशिकास झाला, तथापि त्यांचे बालपण व शालेय शिक्षण नागपुरातले. केंब्रिज येथे असताना त्यांनी हिंदुस्थानच्या अर्वाचीन औद्योगिक स्थित्यंतरावर जो प्रबंध लिहिला तो १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि पुढे पिढ्यानपिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिला. शहरांतील जुने कारागिरीचे धंदे का बसले, या प्रश्नास परदेशी यंत्राचा माल एवढेच उत्तर त्या काळी सर्वत्र दिले जात असे. गाडगीळांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. देशी दरबार नाहीसे झाले आणि त्यांबरोबर उंची मालाचे गिऱ्हाईक गेले. परकी सत्तेबरोबर नव्या सुशिक्षित वर्गाची आवडनिवड बदलली. आणि या दोहोंच्या जोडीस यंत्राच्या मालाची स्पर्धा आली, अशी कारणांची मालिका त्यांनी मांडली. शिवाय कारागिरांच्या ज्या संघटना पूर्वी मालाच्या गुणावर देखरेख ठेवीत त्यांची सत्ता ढिली पडली, आणि देखरेख गेल्यावर हिणकस माल बाजारात येऊ लागला, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. धंद्याचे दैव हत्यारावर जितके अवलंबून असते तितकेच ते माणसांच्या संघटनेवर असते, ही दृष्टी त्यांच्या विवेचनात आरंभापासून आहे.

रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि गाडगीळ तिचे संचालक झाले. या संस्थेने केवळ ग्रंथालयात बसून लिहिण्याऐवजी घरोघर जाऊन विचारण्याची पद्धत घालून दिली. १९३६ साली श्री. जोशी यांचा दक्षिणेतील शहरी हस्तव्यवसायांवरील ग्रंथ आणि १९४७ साली श्री. काकडे यांची सोलापूरच्या विणकर समाजांची पाहणी ही त्या पद्धतीची फळे होत. स्वतंत्र विणकर, व्यापाऱ्यासाठी घरी विणणारा, आणि दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन मजुरीने विणणारा, असे तीन वर्ग अशा पाहण्यांत सर्वत्र आढळतात. तिघांचाही माग सारखाच असू शकतो. तोच खड्डा, तीच फणी, तोच धोटा. तरी एक आपल्या दिवसाचा धनी आहे, दुसरा अर्धा धनी आहे आणि तिसरा मुळीच नाही. यंत्र एक आणि मांडणी तीन, हे यावरून स्पष्ट होते.

आता तलावाकाठच्या गिरणीकडे वळू. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली. १८७४ साली जमशेटजी टाटा यांनी कंपनी स्थापन केली आणि मुंबई सोडून कापसाच्या मुलखात गिरणी उभारण्याचे ठरविले. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि गिऱ्हाईकही जवळ, असा त्यांचा हिशेब होता. निवडलेली जागा तलावाजवळची दलदलीची होती. ती भरून काढण्यात पैसा घालणे म्हणजे सोने मातीत पुरणे होय, असे म्हणून एका सावकाराने कर्ज नाकारल्याची आणि पुढे त्यानेच, या गृहस्थाने माती पुरून सोने काढले, अशी कबुली दिल्याची गोष्ट जमशेटजींच्या चरित्रांतून सांगितली जाते. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे राणी व्हिक्टोरिया यांस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली, आणि त्यावरून तिला एम्प्रेस हे नाव मिळाले.

या गिरणीच्या व्यवस्थापकपदावर जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांची नेमणूक केली, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बेझनजी रेल्वेच्या माल खात्यातून आलेले. सूत व कापड यांचे ज्ञान त्यांस नव्हते. माणसे व माल यांची हालचाल कशी लावावी हे मात्र त्यांस उत्तम समजत होते. यंत्राचे ज्ञान विकत घेता येते, व्यवस्थेची बुद्धी विकत मिळत नाही, असाच जणू या निवडीचा अर्थ होता. नवे तंत्र स्वीकारण्यातही ही गिरणी मागे नव्हती. रिंग पद्धतीच्या चात्यांविषयी खुद्द इंग्लंडातील गिरणीवाले साशंक असताना १८८३ साली नागपुरात त्यांचा प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरला. गिरणीत हवा ओलसर ठेवण्याची व आग विझविण्याची साधनेही येथे फार लवकर आली.

परंतु ज्या वर्षी गिरणी उघडली त्याच वर्षी, १८७७ साली, मजुरीच्या दरावरून तेथे संप झाला. हिंदुस्थानातील गिरणी कामगारांच्या नोंदल्या गेलेल्या संपांत हा अगदी पहिला गणला जातो. नागपूरच्या इतिहासात या गोष्टीची आठवण क्वचितच केली जाते. आमच्या मते ती उद्घाटनाच्या तारखेइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे. शेतातून आणि घरच्या मागावरून आलेली ही माणसे भोंग्याच्या वेळेवर येण्यास रुळली नव्हती. सणावाराला, लग्नकार्याला, पेरणीला ती गावी जात. मालक यास आळस म्हणत. वस्तुतः ज्याने आजवर आपला दिवस स्वतः आखला होता त्याने दुसऱ्याच्या घड्याळास दिलेले ते उत्तर होते.

जमशेटजींनी या अडचणीवर दंडाचा एकच उपाय केला नाही, हे त्यांचे मोठेपण मान्य केले पाहिजे. नियमित येणाऱ्यांस समारंभपूर्वक बक्षिसे देण्यात येऊ लागली. १८८६ साली निवृत्तीवेतनाचा निधी निघाला आणि १८९५ साली अपघातात सापडलेल्या कामगारास भरपाई देण्यास आरंभ झाला. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात १९२३ साली झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे ही दृष्टी किती पुढची होती हे कळते. तथापि येथे एक भेद केला पाहिजे. ही सर्व सुधारणा कामाच्या भोवतीची होती, प्रत्यक्ष कामाच्या आतली नव्हती. कामगार आजारी पडला, म्हातारा झाला, जायबंदी झाला तर त्याची काळजी घेण्याची सोय झाली. परंतु पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्याने कोणाबरोबर, कोणाच्या हुकमाने आणि कामाच्या किती लहान तुकड्यावर काम करावे, ही मांडणी लँकेशायरहून यंत्राबरोबर जशी आली तशीच राहिली, आणि तिच्यावर आपल्या समाजाने स्वतःचे आणखी दोन थर चढविले.

त्यांपैकी एक थर जॉबरचा. गिरणीत माणूस लावणारा, काढणारा, काम शिकविणारा, रजा देणारा आणि पुष्कळदा व्याजाने पैसे देणाराही तोच. मालकास कामगाराची भाषा ठाऊक नसे आणि कामगारास मालकाचे तोंड दिसत नसे. त्या दोहोंमधील पोकळी जॉबराने भरून काढली. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली, आणि माणसे नेमण्याचे व काढण्याचे काम जॉबराच्या हातून काढून घ्यावे असे सुचविले. जॉबर हा काही चात्यांनी किंवा वाफेच्या यंत्राने निर्माण केलेला नव्हता. तो माणसांनी केलेल्या सोयीतून निघाला होता, आणि म्हणूनच माणसांस तो दूरही करता येणार होता.

दुसरा थर जातीचा. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांस प्रवेश मिळत नसे. त्याचे कारण असे सांगत की, धोट्यात नवी कांडी घातली म्हणजे सुताचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि तो धोटा अनेकांच्या तोंडास लागे. विणाईत मजुरी अधिक होती. म्हणजे तोंडाने सूत ओढण्याच्या एका सवयीवर हजारो कुटुंबांचे उत्पन्न अडविले गेले होते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या प्रचंड संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे मांडला. ज्या महार समाजातील कित्येक घरे नागपूर प्रांतात पिढ्यानपिढ्या जाडेभरडे कापड विणीत आली होती, त्याच समाजास गिरणीतील मागापासून दूर ठेवावे, यासारखी विपरीत गोष्ट दुसरी नाही. येथेही यंत्राचा दोष मुळीच नव्हता. माग कोणाची जात विचारीत नव्हता. कामाची वाटणी करणाऱ्यांनी ती विचारली, आणि तिला यंत्राच्या गरजेचे नाव दिले.

येथवर जे सांगितले त्यावरून यंत्र आणि मांडणी यांतील भेद तर्काने पटतो. परंतु मांडणी बदलली तर कामात व मालात प्रत्यक्ष फरक पडतो का, हे तर्काने सिद्ध होत नाही. त्यास प्रयोग लागतो. तो प्रयोग नागपुरात झाला नाही, अहमदाबादेत झाला. त्याची प्रेरणा मात्र इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींतून आली होती.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील मि. एरिक ट्रिस्ट आणि स्वतः खाणकामगार राहिलेले मि. केन बॅमफर्थ यांनी १९५१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पूर्वी खाणीत दोनचार माणसांचे टोळके एकमेकांस निवडून एकत्र काम करी आणि कोळसा फोडण्यापासून तो बाहेर काढण्यापर्यंतचे सर्व काम आपणच करी. नवी यंत्रे आल्यावर लांबच लांब दर्शनी भिंत एकदम खोदण्याची पद्धत सुरू झाली. एका पाळीने कापावे, दुसरीने सरकवावे, तिसरीने भरावे, अशी वाटणी झाली. यंत्रे सुधारली असूनही अपेक्षित उत्पन्न येईना; एक पाळी दुसरीस दोष देऊ लागली, गैरहजेरी व आजारपण वाढले. दोष यंत्रात नसून यंत्राभोवती रचलेल्या माणसांच्या विभागणीत आहे, आणि यंत्रव्यवस्था व समाजव्यवस्था या दोहोंचा विचार एकत्रच केला पाहिजे, असा त्या निबंधाचा निष्कर्ष होता.

याच संस्थेतील मि. ए. के. राइस हे १९५३ साली अहमदाबादेस आले. साराभाई घराण्याच्या कॅलिको मिलमध्ये आदल्या वर्षी स्वयंचलित माग बसविण्यात आले होते. साध्या मागावर बाण्याची कांडी संपली की विणकर माग थांबवून नवी घालतो; स्वयंचलित मागात हे काम मागच करतो, आणि सूत तुटल्यास आपण होऊन थांबतो. म्हणून विणकराकडे अनेक माग सोपविता येतात. परदेशी तज्ज्ञांच्या पद्धतीनुसार कामाचे बारीक तुकडे पाडण्यात आले. एकाने तुटलेली सुते जोडावी, दुसऱ्याने मागाच्या पेटीत कांड्या भराव्या, तिसऱ्याने एकदम पुष्कळ सुते तुटली असतील तेथे जावे, चौथ्याने नवे ताणे चढवावे, शिवाय तेल घालणारा वेगळा, कापड उचलणारा वेगळा, झाडणारा वेगळा. एकंदर माग २२४. प्रत्येक कामगाराकडे मागांची संख्या निरनिराळी असल्यामुळे एकाच्या हद्दीत दुसऱ्या दोघातिघांच्या हद्दी येऊन पडत. आपले सोबती कोण, हे कोणासही नेमके सांगता येत नव्हते. कापड बिघडले तर ते कोणाचे, याचेही उत्तर नव्हते. माग उत्तम असूनही उत्पन्न व गुण यांत मालकांची निराशा झाली होती.

मि. राइस यांनी सुचविलेला उपाय ऐकावयास अगदी साधा होता. मागांचे काही गट करावे आणि प्रत्येक गटास थोड्या माणसांचा एक संघ द्यावा. त्या संघाने ते माग संपूर्णपणे आपले समजून चालवावे. ही कल्पना कामगारांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी ती ताबडतोब उचलली, आणि आपापले संघ आपणच बनवून दिले. कामांच्या निरनिराळ्या नावांची भाऊगर्दी कमी झाली, एकमेकांचे काम करण्यास माणसे शिकली, आणि वरिष्ठांची देखरेख प्रत्येक माणसावर न राहता संघाच्या प्रमुखामार्फत होऊ लागली. आरंभीच्या उत्साहात वेग वाढला तेव्हा बिघाडही वाढला. परंतु चढउतार संपल्यावर उत्पन्न वाढले आणि खराब माल कमी झाला. माग तेच, सूत त्याच जातीचे, माणसेही तीच. बदलली ती केवळ मांडणी. १९५८ साली मि. राइस यांनी या प्रयोगाचा सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि जगभर कामाच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या तो हाती गेला.

हा वृत्तांत वाचताना गांधीबागेशेजारच्या त्या जुन्या घराची आठवण होणे अपरिहार्य आहे. मूठभर माणसे, त्यांच्या समोर त्यांचे माग, एकाचे काम दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर, चूक झाली तर तिचा धनी ओळखीचा आणि कापड उतरले म्हणजे ते सर्वांचे. लंडनहून आलेल्या पंडितास जे नव्याने शोधावे लागले त्याचे अर्धे अंग आपल्या कोष्ट्याच्या घरात पूर्वीपासून होते. अर्धेच म्हणण्याचे कारण उघड आहे. घरातील संघ जन्माने ठरलेला असे, त्यात स्त्रियांस हिशेब मागण्याची सोय नव्हती, आणि दाराबाहेर सावकार बसलेला असे. अहमदाबादच्या संघात माणसांनी एकमेकांस निवडले होते आणि त्यांची मजुरी कागदावर लिहिलेली होती. जुन्यात जे चांगले होते ते जुन्याच्या बंधनांखेरीज मिळविता येते, हा या प्रयोगाचा आम्हांस सर्वांत मोलाचा बोध वाटतो.

परंतु येथेच थांबलो तर वाचकांची दिशाभूल होईल. १९७० साली टॅव्हिस्टॉकचे मि. एरिक मिलर हे त्या गिरणीत पुन्हा गेले आणि काय उरले आहे ते त्यांनी पाहिले. साध्या मागांच्या एका खात्यात संघाची पद्धत इतक्या वर्षांनंतरही बव्हंशी टिकून होती. जेथून सर्व आरंभ झाला त्या स्वयंचलित मागांच्या खात्यात मात्र ती हळूहळू विरून जुनी वाटणी परत आली होती. बाजाराची मागणी बदलली, कापडाचे प्रकार बदलले, वरचे अधिकारी बदलले. प्रत्येक अडचणीच्या वेळी एकेक माणूस या संघातून त्या संघात हलविणे सोयीचे वाटले, आणि अशा लहान लहान सोयींनी संघ मोडला. तो मोडावा असा कोणी हुकूम काढला नव्हता. तो जपावा असेही कोणी म्हटले नव्हते, एवढेच. यंत्रास तेल घालावे लागते हे प्रत्येक मालकास ठाऊक असते. मांडणीसही राखण लागते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

डॉ. गाडगीळांनी आपल्या आयुष्यात याच अडचणीचे दुसरे उत्तर शोधले. संघास काम सोपविले तरी मालकी दुसऱ्याची असेल तर तो संघ दुसऱ्याच्या सोयीने मोडतो. म्हणून मालकीच संघाची करावी, हा सहकाराचा मार्ग. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगरास शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना निघाला तेव्हा गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे या मार्गातही पुढारीपणाचे व पैशाचे दोष शिरले हे महाराष्ट्रास विदित आहे. तरी मूळ प्रश्न त्यांनी योग्य ठिकाणी धरला होता. काम कोणी करावे, कसे वाटावे, आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाचा, हे तीन प्रश्न वेगळे करता येत नाहीत.

आता नागपूरकडे परत येऊ. एम्प्रेस मिल १९८६ साली टाटांच्या हातून गेली आणि राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. २००२ साली ती कायमची बंद झाली. त्या जागेवर आज बाजारपेठेची मोठी इमारत उभी आहे. गिरणी बंद होताना यंत्रांची किंमत झाली, जमिनीची किंमत झाली, कामगारांच्या देण्यांवर भांडणे झाली; हे सर्व कागदोपत्री आहे. परंतु सव्वाशे वर्षे त्या भिंतींत माणसांनी काम कसे वाटून घेतले, नव्यास कोणी शिकविले, बदलीवर आलेल्यास कोणी सांभाळले, जॉबराच्या नकळत चार सोबत्यांनी एकमेकांची पाळी कशी निभावली, याची मोजदाद कोणी केली नाही. अहमदाबादचा प्रयोग जगास ठाऊक झाला, कारण तेथे कोणी वही घेऊन बसला होता. नागपूरच्या गिरणीत व कोष्टीपुऱ्यांत असे शेकडो प्रयोग कामगारांनी आपल्या बुद्धीने केले असतील. ते त्यांच्याबरोबर गेले आणि जात आहेत.

अभ्यासकांनी ही हानी भरून काढावी असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. डॉ. डग्लस हेन्स यांच्यासारख्या परदेशी इतिहासकाराने २०१२ साली पश्चिम हिंदुस्थानच्या लहान शहरांतील विणकर व छोटे कारखानदार यांचा इतिहास लिहिला, आणि ज्यांस आपण संपलेले समजत होतो ते कारागीर बदलत बदलत भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांपर्यंत कसे पोहोचले हे दाखविले. तितके दीर्घ काम प्रत्येकास साधणार नाही. परंतु नागपुरात अशी घरे थोडीथोडकी नाहीत की ज्यांत आजोबा एम्प्रेसमध्ये होते किंवा आजीने कांड्या भरल्या आहेत. त्यांस पगार किती होता, एवढेच आपण विचारतो. यापुढे असेही विचारावे की, तुमच्या शेजारी कोण उभे असे, सूत तुटले तर कोण धावून येई, काम कोणी शिकविले, आणि माल बिघडला तर दोष कोणाच्या माथी जाई. ही उत्तरे लिहून ठेवण्यास विद्वत्ता लागत नाही. एक वही आणि थोडी चिकाटी पुरते.

याचा उपयोग केवळ भूतकाळापुरता नाही. आज कचेरीत, दवाखान्यात, मालाच्या गोदामात, घरपोच सामान नेणाऱ्या तरुणांच्या धंद्यात नवी नवी यंत्रे येत आहेत, आणि प्रत्येक वेळी असे सांगण्यात येते की, यंत्रच असे आहे, म्हणून काम असेच वाटले पाहिजे. धोटा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अमक्यास माग देता येत नाही, असेही एके काळी याच खात्रीने सांगितले गेले होते. यंत्राच्या नावाने जे सांगितले जाते त्यातील यंत्राचे किती आणि सांगणाराच्या सोयीचे किती, हे तपासून पाहण्याची सवय आपण लावून घेतली, तर मागाभोवती झिजलेल्या त्या माणसांचा अनुभव अगदीच वाया गेला असे होणार नाही.